फेच्के आपोआप बसते

होर्तोबाज, १२ नोव्हेंबर २००३

ओर्शी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे चुलीत टाकणार असशील तर जरा थांब. यात माझ्याबद्दल काही नाही, घोडीबद्दल आहे. पत्ता योलान आत्याने दिला. तिच्यावर चिडू नकोस, चार वेळा निरोप धाडला तेव्हा कुठे तिला पाझर फुटला. तू लिंत्सला घोड्यांच्या दवाखान्यात काम करतेस म्हणे. बरं झालं.

इथे आम्ही कोंडले गेलोय. शेजारच्या पागेत घशाला गाठी येणारा रोग निघाला आणि सरकारी डॉक्टरांनी आमच्याही फाटकाला लाल पाटी ठोकली. बावीस घोडी आत, त्यांच्यासोबत मी. कुरण शेजाऱ्यांच्या कुरणाला लागून, म्हणून तेही बंद. ऑक्टोबरअखेर संत देमेतरच्या दिवशी माळावरून आणलेली जनावरं, अजून अंगावरचा वारा उतरला नव्हता, ती तेव्हापासून आपापल्या ठाणात भिंतीकडे तोंड करून उभी आहेत. मला पाव आणि खारवलेली चरबी टपालवाली इल्का फाटकावरून टोपलीत देते. वर म्हणते, "वेन्देलकाका, दाढी करा हो, घोड्या बिचकतील." मी म्हटलं, "तू बिचकली नाहीस म्हणजे झालं."

तर घोडी. सार्का घोडीची पोर फेच्के. तू गेलीस तेव्हा दोन वर्षांची होती, नुसते पायच पाय. आता आठ वर्षांची आहे आणि माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या घोड्यांत हुशार. परवा तिने ठाणात आपणहून खेळ केला. आडवी झाली, मग पुढचे पाय रोवून कुत्र्यासारखी ढुंगणावर बसली. ना आसुडाचा आवाज, ना माझी शीळ. माझ्या आज्याच्या वेळी शिपायांपासून गवतात लपायला घोड्याला हे शिकवायचे, आम्ही बसमधून येणाऱ्या पाहुण्यांसाठी शिकवतो. पण कुणी न सांगता घोडा बसलेला मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. मी एकटाच मोठ्याने हसलो आणि तिला साखरेचा खडा दिला.

तेव्हापासून दिवसातून तीन-चार वेळा बसते. काल मालक गाश्पार फाटकापाशी आला होता. म्हाताऱ्या मालकांचा हा मुलगा, तुला आठवत असेल. फेच्केचं ठाण फाटकातून दिसतं. "वेन्देलकाका, ही तर सुट्टीतही काम करते! वीस डिसेंबरला जर्मन पाहुणे आहेत, हिलाच पुढे काढायची." बंदी अठराला उठेल म्हणतात.

एवढंच सांगायचं होतं. आनंदाची गोष्ट आहे. फक्त बसल्यावर ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघते. ते मी शिकवलेलं नाही.

वेन्देल

१९ नोव्हेंबर

ओर्शी,

उत्तर नाही. ठीक आहे. इल्काला विचारलं, पत्र पोचायला किती दिवस लागतात. ती म्हणाली, "पोचायला तीन. वाचायला लोक वर्षंही लावतात." हिला टपालात कोणी घेतलं कोण जाणे.

पागेत सगळ्यांचं डोकं फिरलंय. तिसऱ्या ठाणातला काळा दिवसभर या पायावरून त्या पायावर झुलतो. दोघी भिंतीला लाथा घालतात. फेच्के गव्हाणीच्या काठाला दात लावून हवा गिळायला लागली. ही खोड एकीची बघून दुसरीला लागते, म्हणून मी तिला शेवटच्या ठाणात नेलं, जिथून कुणी दिसत नाही, आणि माझ्या उस्तादाने शिकवल्याप्रमाणे गळ्याला पट्टा आवळला. आता हवा गिळता येत नाही. नुसते दात टेकवून उभी राहते.

मीसुद्धा येरझाऱ्या घालतो. दारापासून पाण्याच्या हौदापर्यंत एकशे सोळा पावलं. हसू नकोस.

गवताची गाडी आत येऊ देत नाहीत, म्हणून गवत पुरवून पुरवून घालतो आणि चंदी वाढवली आहे. ओटस् भरपूर आहे. फेच्के दोन घास खाते आणि मागे सरते. मग बसते. साखर मात्र लगेच घेते, म्हणजे आजारी नाही. आजारी घोडा साखर घेत नाही.

ती ज्या ठाणात आहे ते सार्काचं. तू म्हणशील, त्याच ठाणात का बांधलीस. दुसरं रिकामं नव्हतं. सार्काचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. सहा वर्षं झाली. चंदीच्या खोलीची कडी तुझ्या हातून उघडी राहिली, ती आत शिरून पोट फुटेस्तोवर खात बसली, गेली. तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. माणसाच्या हातून चूक होते. मी तुला कधीच माफ केलंय. हे मला लिहायचं होतं आणि आता लिहिलं.

निदान घोडीबद्दल दोन ओळी पाठव.

वेन्देल

२७ नोव्हेंबर

ओर्शी,

तुझा कागद मिळाला. वर नाव नाही, खाली नाव नाही, नुसते प्रश्न. पण अक्षर तुझंच. मी तो चार वेळा वाचला आणि आता ओळीने उत्तरं देतो.

लीद कमी आहे. लहान, कोरडी. दात खाते, हो, करकर ऐकू येते. तंग आवळताना चावायला येते का, असं विचारलंयस. ऑस्ट्रियात राहून विसरलीस का गं? आपल्या चिकोशांच्या, माळावर घोडी राखणाऱ्यांच्या, खोगिराला तंगच नसतो. पाठीवर नुसतं ठेवायचं आणि तोल सांभाळायचा. हे लिहिताना मी थबकलो. चाळीस वर्षं आम्ही मिरवत आलो की आमच्या खोगिराला पट्टा लागत नाही. पट्टा आवळताना ज्या घोड्याचं पोट दुखतं तो लगेच सांगतो, आणि आमच्या घोड्यांना ते सांगायची सोयच ठेवलेली नाही.

शेवटची ओळ: "तिला दिसणार नाही असं बसून बघा. तुमच्यासमोर ती दुखणं लपवेल." वाचून मला राग आला. माझ्यापासून लपवेल? हातावर वाढवलेली घोडी? तरी मी गेलो माळ्यावर. दुपारी चंदी घालून बाहेरच्या शिडीने चढलो, गवतात पालथा पडलो आणि फळ्यांच्या फटीतून बघत राहिलो. गुडघे माझे आता असल्या कामाचे राहिले नाहीत.

पाच मिनिटं ती तशीच उभी होती. मग कान मागे गेले, पण चिडल्यासारखे नाही, कडक, बाजूला पडलेले. डोळ्याच्या वरचं हाड वर आलं. हनुवटी आवळली, नाकपुड्या लांबट झाल्या. हा चेहरा मी पाहिला आहे आणि मला वाटायचं ती लक्ष देऊन ऐकतेय. मग आडवी झाली, उठली, पुन्हा आडवी झाली, आणि बसली. ओर्शी, पागेत कुणी नव्हतं. साखर द्यायला कुणी नव्हतं. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. तरी ती बसली होती आणि कुशीकडे बघत होती. अर्धा तास.

मी खाली उतरलो. माझी पावलं ऐकल्याबरोबर धडपडत उठली, कान पुढे केले आणि खिंकाळली. माझ्यासाठी उठली. मी पंधरा दिवस तिला दुखतं म्हणून साखर देत होतो.

मी ठाणाच्या दारात बसून रडलो. तुला सांगायला लाज वाटत नाही. लाज पुढच्या गोष्टीची आहे.

सार्का त्या दिवशी रिंगणात इशाऱ्याआधीच बसली. दोन बस भरून लोक टाळ्या वाजवत होते. तू कुंपणावरून उडी मारून धावत आलीस आणि ओरडलीस, "बाबा, ती काम करत नाहीये! तिला दुखतंय, उठवा तिला!" आणि मी माइकवरून म्हणालो, "पाहुण्यांनो, ही माझी मुलगी, हिला घोडीपेक्षा जास्त नाटक येतं." सगळे हसले. संध्याकाळ व्हायच्या आत सार्का गेली.

ती कडी मी उघडी ठेवली होती. सकाळी मी चंदी काढली, खेळाचा निळा पोशाख घालायची घाई होती, दार तसंच राहिलं. परत आलो तर सार्का आत. तिला मी स्वतः बाहेर काढली, तोंड पुसलं आणि कुणाला काही बोललो नाही. म्हाताऱ्या मालकांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो की चावी ओर्शीकडे असते. ते खोटं नव्हतं. आदल्या दिवशी होतीच तुझ्याकडे.

मागच्या पत्रातली माफीची ओळ फाडून टाक. लिहिताना माझा हात कसा धजला कोण जाणे.

तुझा बाप

४ डिसेंबर

ओर्शी,

दुसरा कागद मिळाला. याच्यावरही नाव नाही. कडीबद्दल एक अक्षर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. फेच्केबद्दल सगळं केलं: पट्टा काढला, चंदी जवळजवळ बंद केली, तिला पुन्हा काळ्याच्या शेजारी आणलं. आता फळीवरून नाकाला नाक लावतात. गवत मात्र तिच्यासमोर दिवसभर हवं म्हणतेस, तर त्यासाठी गाडी आत यायला हवी. शिवाय औषध हवं आणि तिच्या पोटात कॅमेरा घालून बघायला हवं. त्यासाठी डॉक्टर.

डॉक्टर दर गुरुवारी घोड्यांच्या नाकात बोळा फिरवून नमुना घ्यायला येतो. आज आला. गाश्पारही फाटकाबाहेर होता. मी सांगितलं की घोडीला जठरात जखमा असणार, ती दुखतं म्हणून बसते. डॉक्टर फेच्केजवळ गेला. ती कान पुढे करून उभी राहिली आणि त्याच्या खिशात तोंड घातलं.

"वेन्देलकाका, ही तर तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. हे जखमांचं कुणी डोक्यात घातलं?"

"ओर्शीने. पत्रातून."

डॉक्टरने गाश्पारकडे बघितलं. गाश्पार हसला. "कोण, चंदीचं दार उघडं टाकून हिच्या आईला मारणारी ती? आता लेकीवर डोळा आहे का तिचा?"

"तिने प्रश्न बरोबर विचारलेत," मी म्हणालो.

"काका, एकटं राहून तुमचं डोकं चालेनासं झालंय. वीस तारखेला घोडी रिंगणात पाहिजे. नसेल जमत तर सांगा, मी दुसरा माणूस बघतो आणि तुमची खोली त्याला देतो. मी रागाने नाही म्हणत. मलाही पागा चालवायची आहे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. एक वाक्य होतं, तयार. पण खोली गेली तर मी कुठे जाणार? या भिंतीबाहेर मला काहीच येत नाही. मी म्हणालो, "बघतो." आणि डॉक्टर फाटकातल्या औषधाच्या चटईवर बूट पुसून निघून गेला.

तू बघितलेलं तुझ्या नावामुळे कुणी ऐकत नाही आणि ते नाव मी असं करून ठेवलंय. चंदीच्या खोलीवर माझ्याच हातची पाटी आहे अजून: "चावी ओर्शोयाला देऊ नये." सहा वर्षं रोज तिच्याखालून आत जातोय. पुढच्या गुरुवारपर्यंत फेच्के तग धरेल का, एवढं सांग. आज तिने गवतसुद्धा अर्धं टाकलं.

तुझा बाप

११ डिसेंबर

ओर्शी,

आज गुरुवार. तुझा कागद काल आला. त्यावर एकच ओळ होती: "गुरुवारच्या पुढे थांबू नका." खाली नाव होतं. ओर्शी.

डॉक्टर आल्यावर मी फाटकाला आतून कुलूप घातलं. तो म्हणाला, "काका, हे काय?" मी म्हटलं, "आता तुम्हीही आमच्यात. अर्धा तास." गाश्पार बाहेरून ओरडायला लागला. इल्का सायकलवर टपाल घेऊन नेमकी तिथेच उभी होती. बरंच झालं. इल्काला कळलं की गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

मी फाटकाच्या गजांना धरून सांगितलं. "सार्काला मी मारलं. दार मी उघडं टाकलं. तिने खाल्लेलं मला माहीत होतं, तरी मी तिला रिंगणात नेली. पोरीने शंभर लोकांसमोर खरं सांगितलं आणि मी तिची टर उडवली. मग तिच्यावर ढकललं. आता तीच पोर सांगतेय की ही मरेल."

मग गाश्पार म्हणाला, "माझे वडील मरेपर्यंत तिला शिव्या देत होते. तुम्ही समोर बसून जेवत होतात." मी म्हणालो, "हो."

इल्का सायकलला टेकून उभी होती. ती म्हणाली, "अहो डॉक्टर, म्हाताऱ्याने एवढं ओकलंय, आता माळ्यावर चढा की! मला पुढे तीन घरं आहेत, पण मी थांबते."

डॉक्टर चढला. माझ्या शेजारी गवतात पालथा पडला. मी त्याला हाताने गप्प राहायची खूण केली. फेच्केने वेळ लावला नाही. आधी कान. मग डोळ्यावरचं हाड. मग हनुवटी. मी त्याच्या कानात तुझी एकेक ओळ सांगत गेलो. ती बसली तेव्हा तो हळूच म्हणाला, "अरे देवा." खाली उतरताना तिने आमची पावलं ऐकली आणि उठून उभी राहिली, कान पुढे. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मागच्या गुरुवारी हिने मला फसवलं." मी म्हटलं, "तिने नाही. तिला आम्ही तसं शिकवलंय."

दुपारपर्यंत कॅमेऱ्याची नळी देब्रेत्सेनहून आली. जठरात जखमा आहेत, एक खोल. डॉक्टर म्हणाला, अजून आठवडा गेला असता तर भोक पडलं असतं. औषध सुरू झालं. गवताच्या गाडीला परवानगीही त्यानेच लिहून दिली. वीस तारखेचा खेळ रद्द.

गाश्पारने मला एकतीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे. मी वाद घातला नाही. त्याच्या जागी मी त्याच दिवशी हाकललं असतं.

तुझा बाप

२१ डिसेंबर

ओर्शी,

परवा लाल पाटी निघाली. फाटक उघडलं, ठाणांची दारं उघडली, आणि बावीस घोडी जागची हलेनात. जवळजवळ आठ आठवड्यांत बाहेर जायचं असतं हेच विसरली. उंबऱ्यापाशी येऊन बर्फाचा वास घ्यायची आणि मागे फिरायची. मी फाटकाच्या आत उभा होतो. इल्का बाहेरून म्हणाली, "काका, आधी तुम्ही या, म्हणजे ती येतील." माझेही पाय चटकन उचलेनात. शेवटी गेलो. माळावरच्या विहिरीच्या खांबापर्यंत गेल्यावर मागून टापा ऐकू आल्या. काळा सगळ्यांत आधी धावला.

फेच्के शेवटी आली. बर्फात आडवी झाली तेव्हा मी तिच्याकडे धावत निघालो. पण ती पाठीवर लोळली, चारी पाय वर, उठली आणि सगळं अंग झाडलं. तू एका कागदावर लिहिलं होतंस की दुखणारी घोडी उठल्यावर सहसा अंग झाडत नाही. मी वाट बघत होतो. झाडलं तिने.

आज सकाळी ठाणात गेलो तर ती माझ्यासमोर बसली. कुत्र्यासारखी. मी कंदील टांगला आणि तू शिकवलंस तसं बघितलं. कान सैल. डोळ्यावर काही नाही. हनुवटी मऊ, खालचा ओठ लोंबतोय. आणि नजर माझ्या खिशावर. ती खरोखर खेळ करत होती. साखरेसाठी.

हात खिशात गेला माझा. खडा मुठीत धरला. दिला असता तर ती पुन्हा शिकली असती की बसलं की माणूस हसतो, आणि पुढच्या वेळी तिचं पोट दुखेल तेव्हा नव्या माणसाला काय कळणार? मी मूठ उघडली नाही. तिने बराच वेळ वाट बघितली. मग उठली आणि माझ्याकडे पाठ करून गवत खायला लागली. चाळीस वर्षांत इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते बरोबर होतं हेही मला माहीत आहे.

एकतीसला मी योलान आत्याकडे जातोय. तिसरा मजला, खिडकीतून ट्राम दिसते. तिथे काय करेन ते माहीत नाही. तू ये म्हणणार नाही, तो हक्क मी घालवलाय. पण गाश्पारने काल विचारलं, "तुमच्या मुलीला पागेचं काम बघायला जमेल का? निदान विचारा तरी." मी म्हटलं, मी विचारणार नाही, तुम्हीच लिहा, आणि पहिल्या ओळीत माफी मागा. तो लिहितोय. नाही म्हणालीस तरी चालेल, फेच्के दुखताना कशी बसते आणि खेळताना कशी, हे नव्या माणसाला मी कागदावर चित्र काढून देईन.

चंदीच्या खोलीवरची पाटी काढली. खिळे गंजले होते, अर्धी फळी फाटून आली. लाकूड चुलीत गेलं. खोलीला सध्या नुसती साखळी लावली आहे, आणि ती लावली की नाही हे मी दोनदा परत जाऊन बघतो.

हे पत्र जड लागेल. इल्का तोलून म्हणाली, "काका, यात दगड घातलाय का?" मी म्हटलं, माझी पोर तिकडे सहा वर्षं हिच्यावाचून राहिली आहे, तेव्हा टपालाचे पैसे लागतील तेवढे घे.

पाकीट नीट हलव, चंदीच्या खोलीची चावी कोपऱ्यात अडकली असेल.

तुझा बाप